साळिंदराची उसण आणि पायाळूंचं मंडळ

एका जंगलात, मुलांनो, रविवार नावाचा वार असे. इतर जंगलांत तो नसतो. तिथे रोजच शिकार आणि रोजच पळापळ, मग सुट्टी कसली नि वार कसला. पण या जंगलातला वाघ सुधारला होता. सकाळी पर्यटकांच्या गाड्या आल्या की तो रस्त्यात येऊन बसे, फोटो काढून घेई आणि दमून झोपी जाई. मग तो खायचा काय, असं विचारू नका. बोधकथेत असले प्रश्न विचारायचे नसतात.

वाघ मागे लागेना, तशी प्राण्यांना चरबी चढली. हरणांची पोटं सुटली. मग सगळ्यांनी मिळून एक मंडळ काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'वेगवर्धिनी धावक मंडळ'. दर रविवारी पहाटे मंडळी नदीकाठच्या वडाखाली जमत. आधी अर्धा तास गुडघ्यांवर चर्चा होई, मग जमलं तर धावणं. पायांत रंगीत बूट लागत. चार पायांना दोन जोड. गोमसुद्धा पहिल्या रविवारी हौसेने आली होती. ती अजून वडामागे नाड्या बांधते आहे.

या गोष्टीत ससा नाही आणि कासवही नाही. त्यांची वाट पाहू नका. ही गोष्ट आहे एका साळिंदराची.

त्यांचं नाव जयवंतराव काटदरे. वय मधलं. मधलं म्हणजे तरुण मंडळी त्यांना काका म्हणत, आणि काका मंडळी म्हणत, तुमचं काय बुवा, तुम्ही अजून तरुण. दोन्ही ऐकून वाईटच वाटतं. पोट जमिनीला टेकायला चार बोटं उरली होती. धावताना पाठीवरचे काटे खुळखुळत, त्यामुळे जयवंतराव येत आहेत हे पुढच्यांना मागे न बघताच कळे. मागच्यांचा प्रश्न नव्हता, कारण मागे कुणी नसेच.

मग हे गृहस्थ धावत तरी कशाला होते? कारण जरा नाजूक आहे. कुणाला सांगू नका.

घरात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. बायको 'अहो' म्हणे. मुलं 'बाबा' म्हणत. वरच्या अंगाच्या बिळात राहणारे शेजारी त्यांना 'खालचे' म्हणत. पण मंडळाची वर्षाची मोठी शर्यत जिथे संपे, तिथे दोन माकडं एक वेल आडवी धरून उभी असत आणि शेजारच्या दगडावर टिटवी बसलेली असे. जो वेल ओलांडेल त्याचं पूर्ण नाव पुकारायचं, हे तिचं काम. पहिला येवो की शेवटचा, टिटवी आवाजात भेदभाव करत नसे. 'जयवंतराव काटदरे' ही अक्षरं सगळ्या रानावरून जात आणि पलीकडच्या टेकडीला लागून परत येत. तेवढ्यासाठी हा प्राणी वर्षभर धावे. मला तरी यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

गेल्या वर्षी मात्र टेकडीच्या उतारावर त्यांच्या कमरेत उसण भरली आणि ते वेलीपर्यंत पोचलेच नाहीत. टिटवी बिचारी अंधार पडेपर्यंत बसली. मग तिलाही घर होतं.

आता मंडळाचा एक नियम होता. लागोपाठ दोन वर्षं ज्याची शर्यत अपुरी राहील, त्याने धावणं सोडायचं आणि कायमचं पाणी समितीत जायचं.

पाणी समितीतली मंडळी वाईट नव्हती हो. उलट फारच चांगली होती. पळसाच्या पानांच्या द्रोणात पाणी घेऊन ती वाटेच्या कडेला उभी राहत आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत, "छान चाललंय. थोडंच राहिलं." शर्यत नुकती सुरू झालेली असली तरी थोडंच राहिलेलं असे. दामूअण्णा अस्वले नावाचं एक म्हातारं अस्वल त्या समितीत होतं. एके काळी ते टेकडी एका दमात चढत. आता ते झोपेतसुद्धा 'थोडंच राहिलं' असं पुटपुटत, आणि त्यांची बायको घाबरून उठून बसे.

जयवंतरावांना दामूअण्णांकडे बघवत नसे. द्रोण एकदा हातात आला की आपलं नाव पुन्हा कुणी पुकारणार नाही, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. म्हणून यंदा काय वाटेल ते होवो, वेलीपर्यंत पोचायचंच, असं त्यांनी ठरवलं.

ठरवलं म्हणजे झालंच, असं तुम्हाला वाटत असेल. तुम्ही लहान आहात.

शर्यत आठवड्यावर आली असताना एका सकाळी जयवंतराव बुटाची नाडी बांधायला वाकले, ते वाकलेच. उसण तीच. जागा तीच. बायकोने वीट तापवून शेक दिला. काट्यांमधून बोटं सांभाळत आंबेहळदीचा लेप लावला. लावता लावता, या वयात कुणी आणि कशाला धावावं, याविषयी तिला जे बोलायचं होतं ते सगळं बोलून घेतलं. पाठ तिच्या ताब्यात होती, त्यामुळे जयवंतरावांनी ऐकून घेतलं.

आपलं दुखणं बरोबरच्या धावणाऱ्यांना सांगू नये, हे मंडळात शेंबडं पोरही जाणे. जयवंतरावांनी ते कुणालाच सांगितलं नाही. फक्त घोरपडे काकूंना सांगितलं, तेही कुणाला सांगू नका म्हणून. घोरपडे काकू म्हणजे घोरपड. त्यांना एखादी गोष्ट सांगणं आणि दवंडी पिटणं यात फरक इतकाच, की दवंडीला ढोल लागतो. दुपारपर्यंत ती उसण सगळ्या रानाची झाली.

पण काकूंनी नुसता बभ्रा केला नाही. औषधही सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की शेक नको, लेप नको, उसणीवर उतारा एकच. पायाळूची लाथ.

पायाळू म्हणजे काय, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. जन्माला येताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी येतात, तो पायाळू. अशाने उसण भरलेल्या जागी अनवाणी पायाने लाथ मारली की उसण जाते, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगतात. का जाते? मला वाटतं, दुसरी लाथ बसू नये म्हणून जात असावी.

काकू स्वतः अंड्यातून आल्या होत्या. त्यामुळे लाथ मारण्याचा अधिकार त्यांना नव्हता, सल्ला देण्याचा होता. तो त्यांनी बजावला आणि रानात पायाळूचा शोध सुरू झाला.

शोधायला लांब जावं लागलं नाही. माणसांत पायाळू लाखात एखादा. पण खुरवाल्यांत पोर जन्मतं तेच मुळी पाय पुढे करून. सांबर पायाळू, चितळ पायाळू, नीलगाय पायाळू. गवा पायाळू, भेकर पायाळू, चौशिंगाही पायाळू. म्हणजे वेगवर्धिनी मंडळ जवळजवळ सगळंच पायाळू निघालं. इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण इतके दिवस कुणाला लाथ मारायची सोय नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब गवाणकर म्हणजे रानगवा. त्यांनी तातडीची सभा बोलावली. मंडळ हे एक कुटुंब आहे आणि कुटुंबातल्या एकाच्या कमरेत उसण भरली तर ती सगळ्यांच्या कमरेत भरल्यासारखी आहे, असं ते म्हणाले. यावर बराच वेळ खुरं आपटली गेली. मग ठरलं, की एकाच पायाळूने लाथ मारली तर इतरांचा हक्क डावलल्यासारखा होईल, तेव्हा इच्छुकांनी रांगेने यावं. इच्छुक सगळेच होते. एखाद्याला लाथ मारायची आणि वर ती उपकारात जमा व्हायची, असा योग आयुष्यात फारदा येत नाही.

शुक्रवारी सकाळी वडाखाली रांग लागली. जयवंतराव पाठ वर करून बसले. ते मुळात भिडस्त. एवढे लोक आपल्यासाठी बूट काढून आलेत, या विचाराने त्यांचा जीव अर्धा झाला होता. तरी त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

"मी आधीच सांगतो. दचकलो की माझे काटे उभे राहतात. ते माझ्या हातात नसतं."

रांगेत पहिले होते सांबरे सर. सर म्हणजे सांबर. गेली काही वर्षं शर्यतीत तेच पहिले येत, आणि पहिलं येणं किती अवघड आहे हे सगळ्यांना समजावून सांगत. सर हसले.

"काटदरे, आपल्यात कसला आलाय काटा?"

असं म्हणून सरांनी मागचा उजवा पाय उचलला आणि मनापासून लाथ मारली.

काटे उभे राहिले. सरांच्या पायात किती गेले हे मी मोजलं नाही, पण पायाच्या मानाने ते पुष्कळ होते. सरांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तोंडून आवाज फुटणार तेवढ्यात त्यांना आपल्यामागे उभी असलेली नीलगाय दिसली. गेल्या वर्षी ही बाई त्यांच्यामागे जेमतेम एका शेपटाच्या अंतरावर होती. आपला पाय असा झाला आणि हिचा धड राहिला तर परवा काय होईल, हे चित्र सरांच्या डोळ्यांपुढून सरकलं. सरांनी आवाज गिळला.

मग ते शांतपणे म्हणाले, की अगदी गादीवर पाय ठेवल्यासारखं वाटलं. शिवाय एक गुण त्यांना आढळला होता. लाथ मारणाऱ्याचाच पाय हलका होतो. एवढं सांगून सर झाडामागे गेले आणि तिथे खोडाला मिठी मारून बराच वेळ उभे राहिले.

नीलगायीने लाथ मारली. तिच्या जिवाची काय तडफड झाली ती तिलाच ठाऊक. पण तिच्यामागे चितळ उभं होतं, आणि चितळाचे पाय तिला कधीच आवडले नव्हते. ती म्हणाली, खरंच हो, केवढा हलका झाला. मग चितळाने भेकराकडे पाहिलं आणि तेही तेच म्हणालं. भेकराने चौशिंग्याकडे पाहिलं. अशी ती रांग एकेका पायाने पुढे सरकली आणि झाडामागे गर्दी वाढत गेली. तिथे कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याचा पाय बघे आणि त्याला जरा बरं वाटे.

शेवटी आप्पासाहेबांनी समारोपाची लाथ मारली. ती अध्यक्षीय असल्यामुळे सर्वांत जोरात होती. त्यानंतर त्यांना भाषणही करायचं होतं, पण ते लेखी देईन, असं त्यांनी सांगितलं.

उसणीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. उसण होती तिथेच होती. उलट तिला आता सोबत मिळाली होती. पण प्रत्येक लाथेनंतर "कसं वाटतंय?" असं विचारल्यावर भिडस्त माणूस काय सांगणार? जयवंतराव दर वेळी "बरंच हलकं वाटतंय" म्हणत राहिले, आणि दुसरी लाथ खात राहिले. घरी गेल्यावर बायकोने पाठ पाहिली. तिने फक्त वीट पुन्हा चुलीवर ठेवली.

रविवार उजाडला. वडाखाली टिटवीने जमिनीवर पंखाने रेघ ओढली आणि धावणाऱ्यांनी रेघेवर यावं, असं पुकारलं.

रेघेवर एकटे जयवंतराव आले.

सांबरे सर म्हणाले, त्यांनी यंदा पाय मोठ्या शर्यतीसाठी राखून ठेवला आहे. ही मोठी शर्यत कुठली, ते सांगायला ते विसरले. नीलगायीचा विश्रांतीचा आठवडा होता. चितळाला नवा बूट चावला होता, आणि कुठला बूट असं विचारल्यावर त्याने चारही पाय मागे घेतले. भेकराचं लहानपणचं एक दुखणं नेमकं त्या दिवशी आठवणीने परत आलं होतं. आप्पासाहेब उद्घाटक होते आणि उद्घाटकाने धावणं शोभत नाही. पाय दुखतो, असं कुणीही म्हणालं नाही. सगळे जण हसतमुख होते आणि सगळे तीन पायांवर उभे होते.

शर्यतीच्या दिवशी जो धावणार नाही, त्याने त्या दिवसापुरतं पाणी समितीला हातभार लावायचा, अशी मंडळाची रीत होती. त्यामुळे दामूअण्णांकडे एकाएकी इतके मदतनीस झाले, की द्रोण कमी पडले. वाटेवर जागोजाग चार-चार जण पाणी घेऊन उभे राहिले आणि धावायला उरलं एक साळिंदर.

जयवंतरावांच्या मनात एक विचार आला. आपण आज पहिले येणार. तो विचार इतका मोठा होता, की तो घेऊन धावणं त्यांना जमेना. त्यांनी तो खाली ठेवला. पहिलं नको नि दुसरं नको, नुसतं पोचू दे, असं म्हणून त्यांनी पाऊल उचललं. कमरेत कळ आली. त्यांनी दुसरं पाऊल उचललं.

वडापासून दहा पावलांवर पहिलं पाणी होतं. "छान चाललंय. थोडंच राहिलं," असं चितळ म्हणालं. एकाचं पाणी घेतलं आणि दुसऱ्याचं नाही, तर त्याला काय वाटेल? भिडस्त जयवंतरावांनी चौघांचंही घेतलं. पुढच्या वळणावर पुन्हा चौघे होते. धावणारा एकच, आणि त्याला पाणी पाजून पुण्य मिळवणारे पन्नास. टेकडी चढताना जयवंतरावांच्या पाठीवर काटे खुळखुळत होते आणि पोटात पाणी.

तरी ते चढले. लंगडत, कण्हत, मधूनच दगडाला टेकत चढले. उतारावर गेल्या वर्षीची जागा आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ती जागा ओलांडल्यावरच उघडले. मला सांगायला आनंद होतो, की त्या क्षणी जयवंतराव काटदरे फार सुखात होते. इतकं दुखत असताना माणूस सुखात कसा असू शकतो, हे न धावणाऱ्याला सांगून कळत नाही. धावणाऱ्यालाही नीटसं कळत नाही.

उतार संपला. वळण संपलं. समोर वेल दिसू लागली. दोन्ही माकडं ती ताणून धरून उभी होती. दगडावर टिटवी मान वर करून बसली होती.

वेलीच्या अलीकडे सगळं मंडळ जवळच्या वाटेने येऊन थांबलं होतं. प्रेमाने नव्हे, पोह्यांसाठी. पोहे वेलीच्या पलीकडे झाकून ठेवले होते आणि शेवटचा धावणारा आल्याशिवाय ते वाढायचे नाहीत, असा दंडक होता. एरवीही शेवटचा धावणारा म्हणजे जयवंतरावच असत. त्यामुळे त्यांच्यामुळे पोहे गार होतात, अशी मंडळात जुनीच तक्रार होती.

आणि तिथेच, वेल हाकेच्या अंतरावर असताना, जयवंतरावांच्या कमरेतून अशी कळ गेली की ते जागच्या जागी खिळले. पुढचा पाय उचलेना. त्यांनी जोर केला. उचलेचना.

मंडळी लंगडत भोवती जमली. वाटेच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला करवंदीची जाळी. मध्ये जयवंतराव, आणि जयवंतराव नि वेल यांच्यामध्ये अख्खं मंडळ. घोरपडे काकू म्हणाल्या, की अजून एकच लाथ बसली तर काम होईल. यावर सगळे आकाशाकडे बघू लागले. आकाश त्या दिवशी चांगलं होतं.

सांबरे सर पुढे झाले. त्यांच्या हातात द्रोण होता. ते खरोखरच प्रेमाने बोलले, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं.

"काटदरे, बसा आता खाली. किती ओढाल? एक ना एक दिवस सगळ्यांनाच इथे यायचंय. हा घ्या द्रोण. तुमच्यासाठी मोठ्या पानाचा ठेवलाय."

जयवंतरावांनी दामूअण्णांकडे पाहिलं. दामूअण्णा मान खाली घालून उभे होते. त्यांना 'थोडंच राहिलं' म्हणायचं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं होतं आणि म्हणून त्यांच्या तोंडून निघेना.

सरांनी द्रोण आणखी पुढे केला. नको, या अर्थाने जयवंतराव एक पाऊल मागे सरले.

आणि दुखलं नाही.

त्यांना वाटलं, चुकून झालं असेल. त्यांनी आणखी एक पाऊल मागे घेतलं. तेही दुखलं नाही. पुढे जाताना जी कंबर काटा रुतल्यासारखी कळ देत होती, ती मागे जाताना हूं की चूं करत नव्हती. जयवंतराव क्षणभर विचारात पडले. मग ते हळूहळू, इंचाइंचाने, जागच्या जागी फिरले आणि त्यांनी मंडळाकडे पाठ केली.

सगळ्यांना वाटलं, निघाले घरी. आप्पासाहेबांनी सुस्कारा सोडला. कुणी तरी पोह्यांकडे बघून ओठांवरून जीभ फिरवली.

जयवंतराव घरी निघाले नव्हते. ते वेलीकडे निघाले होते, उलटे.

मागे बघता येत नव्हतं, म्हणून ते अंदाजाने येत होते. जोर लावल्यामुळे काटे आपोआप उभे राहिले होते. एरवी रणात पाठ दाखवणाऱ्याला भित्रा म्हणतात. पण तसं म्हणणाऱ्याने साळिंदराची पाठ जवळून पाहिलेली नसते. या मंडळींनी पाहिली होती. प्रत्येकाच्या पायांनी ती ओळखली.

आधी भेकर ओरडलं. मग सगळेच सुटले. नदीत उडी घेणं कुणाला नको होतं, करवंदीच्या जाळीत आणखी काटे होते, आणि मागून तर काटे चालूनच येत होते. राहिली वेल. ज्यांना सकाळपासून तीन पायांवर उभं राहणं जड जात होतं, ते ढुंगणाला पाय लावून पळाले. लंगडण्याचं कुणाला भानच उरलं नाही.

टिटवीला नेमून दिलेलं काम ठाऊक होतं. वेल ओलांडेल त्याचं नाव पुकारायचं, तो का ओलांडतो आहे हे तिने विचारायचं नव्हतं. पहिले आले आप्पासाहेब गवाणकर. गेल्या कित्येक वर्षांत ते चालतसुद्धा एवढं आले नव्हते. मागोमाग नीलगाय, चितळ, भेकर. सांबरे सर बरेच मागे पडले, कारण द्रोण खाली ठेवावा की घेऊन पळावं, यात त्यांचा वेळ गेला. घोरपडे काकूसुद्धा त्यांच्या पुढे होत्या. दामूअण्णा अस्वलेही धावले आणि टिटवीने त्यांचं नाव पुकारलं, तेव्हा ही कुणाला हाक मारते आहे म्हणून ते मागे वळून बघत राहिले.

मग सगळीकडे शांत झालं. पलीकडे मंडळी धापा टाकत होती. अलीकडे जयवंतराव एकेक पाऊल मागे टाकत होते. त्यांना समोर टेकडी दिसत होती, आपण उतरून आलेली सगळी वाट दिसत होती, आणि वेल मात्र दिसत नव्हती. अजून किती राहिलं, हे सांगायला वाटेवर कुणीच उरलं नव्हतं.

शेवटी वेल शेपटीला लागली.

"जयवंतराव काटदरे," असं टिटवीने पुकारलं. नाव त्यांच्या पाठीमागून निघालं, डोक्यावरून गेलं, टेकडीला लागलं आणि समोरून त्यांच्याकडे परत आलं. जयवंतराव तसेच, टेकडीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी येऊ दिलं. त्यांचं तोंड पलीकडे असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

मग वाद झालाच. सांबरे सरांचं म्हणणं होतं, की शेपटीकडून येणं हे येणं नव्हे. पण आप्पासाहेबांच्या गळ्यात तोवर पहिल्या क्रमांकाचं पदक अडकवलं गेलं होतं आणि शर्यतीची फार चौकशी व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं. या मंडळात कोण कितवा आला एवढंच आजवर विचारलं गेलं आहे, कसा आला हे विचारण्याची प्रथा नाही, असं त्यांनी बजावलं. मग त्यांनी जखमी पायाने, जिद्दीच्या जोरावर, निव्वळ मनोबलाने शर्यत कशी जिंकता येते, यावर भाषण केलं. सगळ्यांनी पाय धरून ते ऐकलं. प्रत्येकाने आपापलाच धरला होता.

पोहे गारच होते. त्याबद्दल सगळ्यांनी जयवंतरावांना बोल लावला.

पुढच्या सभेत एक ठराव आला. त्या दिवशी मंडळातल्या प्रत्येकाने आयुष्यातली सगळ्यात वेगवान धाव घेतली होती आणि हे कशामुळे घडलं, याबद्दल दुमत नव्हतं. तेव्हा यापुढे जयवंतराव काटदरे यांना पाणी समितीत कधीही पाठवू नये. त्यांनी तहहयात शर्यतीत भाग घ्यावा, सर्वांच्या मागे राहावं, आणि जमल्यास पाठमोरं यावं. ठराव एकमताने मंजूर झाला. सर्वांच्या मागे राहण्याचं काम जयवंतराव वर्षानुवर्षं करतच होते. आता ते मानाने करू लागले.

तात्पर्य : जो धावतो तो शर्यत पुरी करतो. जिंकतो तो पळ काढणारा.